गोव्याच्या गोड्या पाण्यात सर्वांत मोठी झुंज देणारा मासा कसा शोधावा

गोव्यात मासळीचा विषय निघाला की बोलणे इसवण, बांगडा, पापलेट यांच्याभोवतीच फिरते. पण सत्तरी, फोंडा, धारबांदोडा, सांगे या भागांत नदीवर गरवणारी माणसे गावोगावी आहेत. तंगूस, गरी आणि डबाभर काडू (गांडुळे) घेऊन काठावर बसायचे, संध्याकाळच्या आमटीपुरते काहीतरी घेऊन घरी यायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. ज्यांनी काळुंद्री, शेवटे भरपूर काढले आणि आता ज्यांना रीलमधून दोर सरसर काढून नेणारा एखादा मासा हवा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करा. सर्वांत मोठा मासा हवा आहे की सर्वांत जोरकस? धरणातला कटला वजनात भल्याभल्यांना मागे टाकतो, पण त्याची ओढ जड आणि संथ असते. उलट दोन किलोचा तांबसो पहिल्या तीन सेकंदांत हातातली काठी वाकवून काठाच्या मुळांत शिरतो. माझे मत ठाम आहे: गोव्याच्या गोड्या पाण्यातले सर्वांत झुंजार मासे पुरते गोड्या पाण्यातले नाहीतच. ते चणक आणि तांबसो आहेत. समुद्राशी नाते ठेवून नदीत वर येणारे. म्हणून त्यांचा शोध धरणावर किंवा तळ्यावर सुरू होत नाही. नदीत भरती जिथे दम सोडते, तिथे तो सुरू होतो.

आधी उमेदवार ओळखा

चणक म्हणजे रायगडकडचा जिताडा. रुंद जबडा, वाकलेली पाठ, गोल शेपटी. तो भक्ष्याचा पाठलाग फार करत नाही. आडोशाला थांबतो आणि समोर आलेले तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्या वेळी होणारा 'डुब्' आवाज रात्री शांत पाण्यावर लांबून ऐकू येतो. गळाला लागल्यावर तो पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झटकतो, आणि बहुतेकांचा चणक सुटतो तो याच क्षणी.

तांबसो, म्हणजे मालवणीतली तांबोशी, नदीत वाढतो आणि थोराड झाला की समुद्रातल्या खडकांकडे निघून जातो. त्यामुळे नदीत सापडणारे बहुतेक तांबसे दोन-तीन किलोंच्या आतले असतात. वजनावर जाऊ नका. किलोला किलो तोलले तर आपल्याकडे याच्याइतका जोर कुणाचाच नाही.

म्हसीर, आपला खडस, हा घाटाच्या पायथ्याच्या वाहत्या, थंड, खडकाळ पाण्यातला. सह्याद्रीतल्या या जातीचे शास्त्रीय वर्णन साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले. झुंजीत त्याला तोड नाही हे खरे, पण म्हादई आणि खांडेपार नद्यांचे वरचे कोंड, जिथे तो असायचा, ते बरेचसे अभयारण्यांत येतात. महाडजवळच्या वाळणकोंडीत गावकऱ्यांनी देवाचे मासे म्हणून म्हसीर राखले, तसाच आपल्याकडचा खडस पाहावा आणि राहू द्यावा. मी त्याला गळाच्या यादीत धरत नाही.

मरळ तळी, शेताचे चर, वेलींनी भरलेले डबके यांतली. पृष्ठभागावरच्या बेडकावर तिची झडप पाहण्यासारखी असते, पण झुंज लवकर आटोपते. गवतातून ओढून काढायला मात्र दोर जाड लागतो. इथे एक गोष्ट विसरू नका. आमिष म्हणून जिवंत बेडूक वापरायचा नाही. बेडूक पकडणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे आणि वनखाते दर पावसाळ्यात तशी ताकीद देते. रबरी बेडूक उत्तम चालतो. मरळीच्या पिल्लांचा केशरी घोळका पाण्यावर बुडबुडत असेल तर तिथे गळ टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, आणि ते गेले की अख्खा घोळका इतर माशांच्या पोटात जातो.

राहिले कटला, रोहू, मृगळ. हे धरणांत सोडलेले मासे. त्यांच्याकडे पुढे येतो.

भरती कुठे संपते ते स्वतः शोधा

सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्या. मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी उधाणाला पाणी दोन मीटरांहून थोडे जास्त चढ-उतरते. नदी आत अरुंद होत जाते तरी भरतीचा हा जोर जवळजवळ ४० किलोमीटरपर्यंत टिकून राहतो आणि मग पुढच्या दहाएक किलोमीटरांत झपाट्याने विरतो. मांडवीवर ही हद्द गांजेच्या आसपास येते. जुवारीच्या अंगाने ती सावर्डे-सांग्याच्या दिशेला सरकते. म्हणजे समुद्रापासून इतक्या आत, चवीला गोडे असलेले पाणी दिवसातून दोनदा वर-खाली होते. चणक आणि तांबसो याच टापूत आतपर्यंत शिकारीला येतात, कारण लाटांचा त्रास नाही आणि अन्न मात्र दर ओहोटीला वाहून समोर येते.

नकाशावर बोट ठेवून ही जागा सापडत नाही. काठाने चालत जा आणि झाडे पाहा. तिवर आणि कांदळ मागे पडून केवडा आणि करंज दिसू लागले की पाणी वर्षाचा बराच काळ गोडे असते. त्याहीपुढे वाळुंज आणि उघडे दगड-गोटे लागले की भरतीचा प्रभाव संपत आला. केवड्यापासून वाळुंजापर्यंतचा जो पट्टा, तो तुमचा.

मग वेळ. वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर मिळणारी भरतीची वेळ मुरगावची किंवा पणजीची असते. तुमच्या जागी पाणी त्यानंतर बऱ्याच वेळाने वळते. एक बांबूची खुंटी काठाजवळ रोवा, तिच्यावर वीत-वीत अंतरावर रंगाच्या खुणा करा आणि एक पूर्ण सुकती (ओहोटी) तिथे बसून पाहा. पाणी कधी थांबले, कधी उतरू लागले, सगळ्यात जोरात कधी वाहिले, ते घड्याळ लावून लिहा. हेच उधाणाच्या दिवशी आणि भांगेच्या दिवशी वेगवेगळे करा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासची भांग यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एकदा हा फरक वहीत आला की पुढे सगळा हंगाम त्यावर काढता येतो.

माझ्या मते चणकासाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे उतरत्या पाण्याचा पहिला निम्मा भाग, आणि तो पहाटे किंवा दिवेलागणीला आला तर सोन्याहून पिवळे.

त्या पट्ट्यातली नेमकी जागा

खाजन शेतीची मानस, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, ज्याने नीट पाहिली त्याला चणक कुठे उभा राहतो ते सांगावे लागत नाही. नदीची पातळी खाली गेली की मानशीची लाकडी दारे आतल्या पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पोयतले (बांधाआतल्या साठ्यातले) पाणी नदीत जोरात येते. त्याबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि बारीक पिल्ले येतात. मोठा मासा त्या धारेत उभा राहत नाही, तिथे ताकद खर्च होते. तो धारेच्या बाजूला, जिथे पाणी वळून मागे फिरते तिथे, तोंड प्रवाहाकडे करून असतो. धार आणि मागे फिरणारे पाणी यांच्यामध्ये फेसाची एक रेघ दिसते. आमिष त्या रेघेवरून वाहत गेले पाहिजे.

मात्र मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो. ज्याने तो घेतला आहे त्याला विचारल्याशिवाय तिथे काठी उघडू नका. सरळ जाऊन 'काका, तुमचे जाळे सोडून पलीकडच्या कोपऱ्यात गरी टाकू का?' असे विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत. उलट खड्डा कुठे आहे तेही सांगतात.

वर नदीत गेलात की बंधारे पाहा. पावसाळा सरल्यावर फळ्या घालून पाणी अडवतात, तेव्हा वर जाणारा मासा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला अडकून राहतो. खालचा खोलगट डोह आणि त्याच्या शेपटीकडचा उथळ भाग, दोन्ही तपासा. फळ्या काढण्याच्या दिवसांत तिथे फिरकू नका. पाणी न सांगता येते.

तांबसोसाठी नियम सोपा आहे: जिथे गळ अडकण्याची भीती वाटते तिथेच तो असतो. पडलेले झाड, जुन्या पुलाचे दगड, बार्ज लागायच्या त्या जुन्या धक्क्यांचे खांब, काठ कोसळून पाण्यात लोंबणारी मुळे.

बाजारात आणि काठावर चौकशी

फोंडा, कुडचडे, डिचोली इथल्या मासळी बाजारात सकाळी लवकर जा. चणक दिसला तर रंग पाहा. खाऱ्या पाण्यातला चणक चांदीसारखा चकचकीत असतो. बरेच दिवस गोड्या पाण्यात राहिलेला काळपट, पितळी झाक असलेला दिसतो. असा पितळी मासा विकायला बसलेल्या बाईला आधी गिऱ्हाईक म्हणून बोला, मग कुठल्या नदीचा ते विचारा. पिंजऱ्यात वाढवलेले चणकही बाजारात येतात. एकाच मापाचे बरेच मासे एका टोपलीत असतील तर ते तिथले समजा.

काठावरच्या जुन्या पागी माणसांना 'मोठा मासा कुठे मिळतो' असे विचारून काही हाती लागत नाही. 'जाळे कुठे फाटते?' असे विचारा. जिथे जाळे फाटते तिथे एकतर झाड बुडालेले असते किंवा ते फाडणारा मासा. दोन्ही तुमच्या कामाचे.

धरणांवर जायचे असेल तर

ज्यांना वजनच हवे त्यांनी साळावली, अंजुणे, आमठाणे, पंचवाडी, चापोली या जलाशयांचा विचार करावा. यांतला साळावली सर्वांत मोठा, आणि तो समजून घेण्याची एक संधी दर वर्षी येते. या धरणात कुर्डी गाव बुडाले, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे गाव. मे महिन्यात पाणी ओसरते तेव्हा जुन्या घरांची जोती, रस्ता, विहिरी, सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि गावकरी तिथे उत्सवाला जमतात. गरवणाऱ्याने त्या दिवसांत आदराने तिथे फिरावे आणि तळ पाहून घ्यावा. जोती कुठे आहेत, ओहोळाची जुनी पात्रे कुठून वळतात, काठ अचानक कुठे खोल होतो. मोबाइलवर त्या जागांच्या खुणा करून ठेवा. दिवाळीनंतर त्याच जागांवर पाच-सहा मीटर पाणी असते आणि मासा त्याच चिरेबंदीच्या, त्याच उताराच्या आधाराने फिरतो. पाण्यावरून कितीही निरखले तरी हे ज्ञान मिळत नाही.

कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो मधल्या आणि वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्यामुळे सगळ्यांना एकाच खोलीवर आमिष लावून उपयोग नाही. पेंड, भाजलेले चण्याचे पीठ आणि शिजलेला भात मळून केलेला गोळा कटल्याला चालतो. तो तळावर टाकून न देता तरंग लावून दीड-दोन मीटरवर ठेवा. एकाच जागी रोज थोडी पेंड टाकत राहिलात तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मासे तिथे वेळेवर येऊ लागतात.

बंद पडलेल्या खाणींचे आणि चिरेखणींचे खड्डे पाण्याने भरलेले दिसतात, त्यांत मासे असल्याच्या गोष्टीही ऐकू येतात. तिथे जाऊ नका. कड उभी तुटलेली असते, पायाखालची माती सुटते, आणि पडलेल्याला वर यायला जागाच नसते.

कुठे गळ टाकायचा नाही

भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत नाही. कुडचड्याच्या नंदा तळ्यावर नाही. २०२२ मध्ये ते रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झाले, ते पक्ष्यांना राहू द्या. ओपासारख्या पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणी आणि धरणांच्या भिंतीजवळ जलस्रोत खात्याची मनाई असते, म्हणून जलाशयावर जाण्याआधी खात्याच्या स्थानिक कार्यालयात विचारा आणि मत्स्योद्योग खात्याकडून परवान्याचे समजून घ्या. स्फोटके किंवा ब्लीचिंग टाकून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असे करताना कुणी दिसले तर गप्प बसू नका. एका स्फोटात कोंडीतली पुढच्या कित्येक वर्षांची वीण संपते.

आणि मगर. कुंभारजुवे कालव्यात आणि त्याला लागून असलेल्या नदीपट्ट्यात मगरी आहेत. जुवारीकाठच्या गावांत पौषात चिखलाची मगर करून पूजतात, ते उगाच नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून गरवायचे नाही, मासे काठाच्या कडेला साफ करायचे नाहीत, अंधारात पाण्यापासून दोन-तीन मीटर मागे बसायचे.

साहित्य

चणक-तांबसोसाठी सात फुटांची मध्यम-जड काठी, ४००० मापाचे रील, ३० पौंडांचा ब्रेड (विणलेला दोर) आणि पुढे हातभर ५० ते ६० पौंडांचा जाड तंगूस. हा पुढचा तुकडा टाळू नका. चणकाच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते आणि तांबसोचे सुळे ब्रेड क्षणात कापतात. जिवंत आमिषाला ४/० मापाचा सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) घ्या. सुंगट लावताना त्याच्या डोक्यातला काळा ठिपका दिसतो, तो चुकवून शिंगाखालून गळ घाला म्हणजे ते बराच वेळ जिवंत राहते. शेवट्याचे पिल्लू वरच्या ओठातून. ल्युअर (खोटे आमिष) वापरणार असाल तर ९ ते १२ सेंटिमीटरचा मिनो (लहान माशाच्या आकाराचा ल्युअर) पुरे, पण त्याचे तीन टोकांचे गळ काढून मजबूत एकेरी गळ लावा आणि टोकामागचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाका.

बहुतेक जण ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीलने दोर सोडायचा ते, बोटाने ओढून अंदाजाने लावतात. घरी करायचे काम आहे ते. भाजीवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा ओसरीच्या खांबाला बांधा, दोर काठीच्या कड्यांतून ओवून काट्याच्या आकड्याला अडकवा आणि काठी नेहमीसारखी वाकवून मागे सरका. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतक्या ओढीला, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलोंवर, रील सुटले पाहिजे. तांबसोसाठी त्याहून थोडे घट्ट. काट्यावर चार किलो बघितल्यावर कळते की आपण आजवर किती सैल गरवत होतो.

लागल्यावर

सर्कल हुक असेल तर झटका मारायचा नाही. दोर ताठ होऊ द्या आणि सावकाश गुंडाळत राहा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. तांबसो असेल तर पहिल्या ओढीला एक इंचही देऊ नका. काठी आडवी धरून चार पावले मागे जा, आडोशापासून त्याचे तोंड वळवा. तो वळला की निम्मे काम झाले. चणक असेल तर उलट. त्याला पळू द्या, पण दोर सैल पडू देऊ नका. दोर वर चढू लागला की तो उडी घेणार हे ओळखा आणि काठीचे टोक पाण्यात घाला, म्हणजे उडी अर्धीच राहते.

झुंज लांबवू नका. कोमट पाण्यात थकलेला मासा सोडल्यावरही मरतो. म्हणूनच मेच्या दुपारी मी मोठ्या माशामागे लागू नये असे सांगतो.

मोजणे, ठेवणे, सोडणे

चणक आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे तुम्ही काढलेला सर्वांत मोठा चणक जवळजवळ नक्की मादी आहे, आणि पावसाच्या तोंडावर ती अंडी घालायला मुखाकडे निघणार असते. घरी न्यायचा तर दोन-तीन किलोंचा न्या, रव्यात तळायला तोच चांगला. ८० सेंटिमीटरच्या वरचा सोडा. चढणीच्या माशांनाही हेच लागू आहे. पहिल्या पावसात ओहोळ चढणारा मासा अंड्यांनी भरलेला असतो, त्याला वर जाऊ द्या.

वजन करायला मासा जबड्याला टांगू नका, त्याच्या मानेचे सांधे निखळतात. ओल्या चटईवर ठेवून लांबी आणि सर्वांत रुंद जागेचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले २९,०००. येईल ते अंदाजे वजन किलोंमध्ये. ८० लांबी आणि ५० घेर असेल तर जवळपास सात किलो. हात ओले करून, एक हात पोटाखाली आणि एक शेपटीच्या मुळाशी धरून त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरा. पुढे-मागे हलवू नका, नुसता धरा. कल्ले नीट चालू लागले की तो स्वतःच हात सोडवून जातो. हे काम मगरींच्या पट्ट्यात असाल तर हातात न धरता जाळीदार झोळीत, काठावर उभे राहून करा.

वहीत तारीख, तिथी, खुंटीवरची पाण्याची खूण, पाणी चढते की उतरते, गढूळपणा आणि आमिष लिहा. फोटो मित्रांना पाठवा, पण मागचा पूल किंवा देऊळ दिसणार नाही अशा बेताने काढा, आणि फोनमधली ठिकाणाची नोंद आधी बंद करा. एका मानशीची जागा सगळ्यांना कळली की आठवडाभरात तिथे जाळी लागतात.